उजनी ते टाकळी: नदीत सोडलेल्या पाण्याचा प्रकरण अभ्यास

सोलापूर शहराला पिण्यासाठी वर्षाला किती पाणी लागते, याचा हिशेब कोणालाही कागदावर मांडता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. माणशी रोज १३५ लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले, तर दिवसाला सुमारे १२८ दशलक्ष लिटर आणि वर्षाला साधारण १.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पुरते. त्यानंतर वाढलेली वस्ती आणि गळती जमेस धरून हा आकडा दोन टीएमसीच्या पुढे नेला, तरी एक गोष्ट उलगडत नाही. शहराच्या पाण्यासाठी म्हणून उजनी धरणातून भीमा नदीत पाणी सोडले जाते, तेव्हा एका आवर्तनाला पाच ते सहा टीएमसी पाणी खर्ची पडत आले आहे, आणि वर्षात अशी एकाहून अधिक आवर्तने होत आली आहेत. वर्षभराच्या गरजेच्या अडीच-तीन पट पाणी एका खेपेला सोडूनही शहराच्या अनेक भागांत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी का येते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

पदव्युत्तर वर्गासाठी हे प्रकरण निवडण्यामागे निश्चित कारण आहे. पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर शिकवला जावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिले आणि पुढे पदवी अभ्यासक्रमात तो सक्तीचाही झाला. परंतु बहुतेक ठिकाणी त्याचे रूप एका पेपरापुरते राहिले. पाण्याचा घटक वेगळा, ऊर्जेचा वेगळा, लोकसंख्येचा वेगळा, अशी मांडणी असल्यामुळे विद्यार्थी प्रत्येक घटकाची उत्तरे नीट लिहितो, पण एका घटकातले बरोबर उत्तर दुसऱ्या घटकात नवा प्रश्न होऊन कसे उभे राहते, हे त्याच्यापुढे कधी येतच नाही. जागतिक आव्हानांचा अभ्यास अनेक विद्याशाखांनी मिळून करायचा असेल, तर तो आपल्या नळापासून सुरू करता येतो, अशी माझी धारणा आहे. म्हणून भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, स्थापत्य आणि कृषी या शाखांचे विद्यार्थी एकत्र बसवून हे प्रकरण घेतले आणि पहिल्याच बैठकीत प्रत्येकाला प्रश्न एका वाक्यात लिहायला सांगितले. स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिले की नदीतला वहनव्यय, म्हणजे वाटेतच जिरणारे-उडणारे पाणी, कसा कमी करता येईल. कृषीवाल्यांनी उसाखालचे क्षेत्र हा प्रश्न मानला, अर्थशास्त्राने पाण्याचा दर, समाजशास्त्राने असमान वाटप, आणि भूगोलाने पर्जन्यछायेचा प्रदेश. पाचही प्रश्न खरे होते. मात्र ते एकाच पाण्याबद्दलचे आहेत, हे त्या कागदांवरून ओळखू आले नसते.

२०२३-२४ चे वर्ष

अभ्यासासाठी टंचाईचे एक वर्ष धरले. २०२३ मध्ये प्रशांत महासागरात एल निनोची स्थिती होती, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उजनीचे गणित मात्र सोलापूरच्या पावसावर चालत नाही. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यावर एवढे धरण भरणे शक्य नाही. ते भरते पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाने, आणि तेही खडकवासला, पवना, भामा आसखेड, चासकमान अशी वरची धरणे भरून पुढे विसर्ग सुटल्यावर. त्या वर्षी वरून येणारा विसर्ग कमी राहिला आणि उपयुक्त साठा साठ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबला.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा आहे आणि उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसी. म्हणजे मृतसाठाच उपयुक्त साठ्याहून मोठा. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढली जात असल्यामुळे पातळी त्याखाली गेली की आकडा उणे होतो, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठ टक्क्यांजवळ पोचला. याचा सरळ अर्थ असा की जो साठा नेहमीच्या वापरात धरलेलाच नाही, त्यातलेही निम्मे पाणी त्या हंगामात संपले होते. पळसदेवचे एरवी पाण्याखाली असणारे पळसनाथाचे मंदिर उघडे पडले. धरणातली पातळी शहराच्या जलवाहिनीत पाणी उचलण्याच्या पातळीखाली उतरल्याने महापालिकेला दुबार पंपिंग करावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये वरून विसर्ग आला आणि धरण पुन्हा भरले. पण एका वर्षात साठ्याची ही दोन टोके दिसावीत, एवढ्यावरूनच हवामानशास्त्राचा या प्रकरणातला भाग लक्षात यावा.

नदीतून जाणारे पाणी

उजनीतून सोडलेले पाणी पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या शिवारांतून वाहत दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांपर्यंत जाते. तिथे टाकळीला ते उचलले जाते आणि सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. शहराला पाकणीच्या केंद्रातून थेट उजनीचे आणि भवानी पेठेच्या केंद्रातून हिप्परग्याच्या तलावाचे पाणीही मिळते; ब्रिटिश काळात १८७१ मध्ये पूर्ण झालेला हा एकरूख तलाव शहराचा सर्वांत जुना मोठा स्रोत आहे. या अभ्यासाचा भर मात्र नदीच्या मार्गावर आहे.

पाणी औजपर्यंत पोचायला आठ-दहा दिवस लागतात. वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची दारे काढावी लागतात, कोरडे पडलेले पात्र आधी भिजावे लागते, आणि उन्हाळा असेल तर चाळीस अंशांच्या पुढच्या तापमानात उघड्या पात्रातून बाष्पीभवन चालूच राहते. शेतीपंपांनी पाणी उचलू नये म्हणून या दिवसांत नदीकाठची वीज दिवसातून काही तासांवर आणली जाते. वाहून आणताना जे पाणी मुक्कामी पोचत नाही, त्याला पाटबंधाऱ्याच्या भाषेत वहनव्यय म्हणतात, आणि स्थापत्याच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने टाकळीला न पोचलेला प्रत्येक लिटर याच खात्यात जातो.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी याच पाण्याचा दुसऱ्या बाजूने माग काढला. मंगळवेढा तालुक्यात नदीपासून थोड्या अंतरावर असलेल्या एका विहिरीत आवर्तनाच्या आधी दोरी सोडून पाण्याच्या पातळीला गाठ मारून ठेवली होती. नदी वाहून ओसरल्यावर तीच दोरी पुन्हा सोडली, तेव्हा ती गाठीच्या कितीतरी वरपर्यंत भिजून आली. विहिरीच्या मालकाला या निष्कर्षाचे काहीच नवल वाटले नाही. त्यांनी सांगितले की शहराचे पाणी नदीला आले की काठावरच्या विहिरी धरतात, चाऱ्याला एक पाणी मिळते आणि जनावरांचा प्रश्न महिनाभर तरी मागे पडतो. पंढरपूर, मंगळवेढा आणि सांगोला या शहरांच्या पाणीयोजना याच प्रवाहावर आहेत आणि चंद्रभागेच्या वाळवंटात वारकऱ्यांना स्नानाला मिळणारे पाणीही हेच असते. तेव्हा ज्याला एका शास्त्रात व्यय म्हटले आहे, ते दुसऱ्यात पुनर्भरण आहे, तिसऱ्यात चारा आहे, आणि सरकारी कागदावर या सगळ्यावर मिळून एकच नाव लिहिलेले आहे: सोलापूर शहर. आपल्या नावावर किती पाणी टाकले जाते, हे शहरातल्या रहिवाशाला माहीत नसते; आणि नदीकाठच्या शेतकऱ्याच्या वाट्याला जे येते, त्यावर त्याचा कागदोपत्री हक्क नसतो. माझ्या मते या प्रकरणाची नाडी इथे आहे.

उसाचे अर्थशास्त्र

अशा चर्चेत बोट सर्वांत आधी उसाकडे जाते, आणि त्यात तथ्य आहे. कमी पावसाच्या या जिल्ह्यात राज्यात सर्वाधिक साखर कारखाने उभे आहेत, आणि मोकाट पद्धतीने पाणी दिलेल्या उसाला एका हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी लागते, म्हणजे इथे पडणाऱ्या पावसाच्या जवळपास चौपट. याच जिल्ह्याने कोरडवाहू शेतीला मालदांडीसारखी ज्वारी दिली. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेला एम ३५-१ हा वाण आजही रब्बी ज्वारीचा मापदंड मानला जातो, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. ज्वारीच्या या मुलखात ऊस का, या प्रश्नाला एक उत्तर नेहमी तयार असते: ऊस हे आळशाचे पीक आहे. हे उत्तर मला अन्यायाचे वाटते, आणि शास्त्र म्हणूनही ते लंगडे आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जमाखर्च मांडला तेव्हा चित्र स्पष्ट झाले. २०२३-२४ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर, टनाला ३,१५० रुपये होती, ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. पैसे मिळायला उशीर होतो, तोडणीसाठी चिठ्ठीची वाट पाहावी लागते, हे सगळे खरे. पण पीक उभे राहिले की कोणीतरी कायद्याने ठरलेल्या दराने ते घेणार, एवढी खात्री असते. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, परंतु त्या भावाने खरेदी होईलच असे नाही; शिवाय काढणी-मळणीला माणूस मिळत नाही आणि ऐन हुरड्यात पाखरे राखायला घरात कोणी उरलेले नसते. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, तो शेतकरी खात्रीच्या पिकाकडे वळतो. त्याला बेजबाबदार म्हणण्याआधी, खात्री फक्त एकाच पिकाला का दिली, हे विचारायला हवे.

या खात्रीचा एक धागा जिल्ह्याबाहेर, थेट खनिज तेलाच्या बाजारापर्यंत जातो. तेलाची आयात कमी व्हावी म्हणून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्राने २०३० वरून २०२५-२६ वर आणले. कारखान्यांनी आसवनी प्रकल्पांवर कर्जे काढली आणि उसाची मागणी पक्की झाली. मग २०२३ चा पाऊस रुसला, साखरेचे उत्पादन घटण्याची भीती निर्माण झाली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाचा रस इथेनॉलसाठी वापरण्यावर निर्बंध आले. आठवड्याभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ते शिथिल करण्यात आले. आयात तेलाला पर्याय म्हणून आलेले इंधन एका कोरड्या ऑगस्टने अडवले. तेलाचा विचार करणाऱ्यांनी इथेनॉलचा हिशेब लिटरला रुपयांत केला होता. त्यात उजनीच्या पाण्याचा रकाना नव्हता. हवामानबदलावरचा उपाय म्हणून जे मांडले जाते, ते टंचाईच्या प्रदेशात पाण्यावरचा भार होऊन उतरू शकते, हे पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा या डिसेंबरच्या घटनाक्रमातून विद्यार्थ्यांना जास्त नीट कळले.

पूर्व भागातले घर

समाजशास्त्राच्या गटाने शहराचा पूर्व भाग निवडला. इथे तेलुगू भाषक पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे आणि विडी वळणे हा हजारो स्त्रियांचा रोजगार आहे. मजुरी हजार विड्यांवर मिळते. कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून घरी आणायची, पाने भिजवून नरम करायची, मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि त्या परत नेऊन द्यायच्या. पान भिजवल्याशिवाय वळता येत नाही, म्हणून या कामात पाणी हा कच्चा मालच आहे, आणि त्याचा उल्लेख पाणीपुरवठ्याच्या कोणत्याही आराखड्यात आम्हाला आढळला नाही.

एका घरी आमचा गट पाण्याच्या दिवशी बसून होता. त्या बाईंचे सूप सकाळपासून मांडीवर होते आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने शेजारी. गल्लीत नळ आल्याची हाक उठली, तसे सूप खाली गेले. पहिली काही मिनिटे गढूळ पाणी वाहू द्यावे लागले, मग घागरी, मग बॅरल, मग मोरीतला हौद. शेजारच्या घराने नळाला थेट मोटार लावलेली असल्यामुळे धार मधूनच बारीक होत होती. पाणी गेले तेव्हा दुपार झाली होती आणि त्या दिवसाच्या विड्या हजाराच्या बऱ्याच मागे राहिल्या. मजुरीतली ही तूट पाणीपट्टीच्या पावतीवर दिसत नाही, पण ती पाण्याचीच किंमत आहे. अर्थशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी पाण्याचा दर हा प्रश्न लिहिला होता, त्याने या भेटीनंतर आपला तक्ता नव्याने आखला आणि त्यात वेळेचा रकाना घातला.

याच घरात आणखी एक गाठ पडली. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला, भांडी रिकामी करून घासायला सांगतो. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण ज्या घराला पुढचे पाणी पाच दिवसांनी येणार आणि तेही कधी ते नक्की माहीत नाही, त्या घराने भरलेले बॅरल ओतून टाकावे कसे? आरोग्याच्या आणि पाणीपुरवठ्याच्या अशा दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी काम करतात, आणि त्यांच्यामध्ये हे बॅरल उभे असते. आमच्या गटाने सुचवलेला उपाय साधा होता: पाणी येण्याचा वार आणि वेळ पक्की करावी आणि कोरडा दिवस त्याच्या आदल्या दिवशी ठेवावा. पाण्याचा एक थेंबही न वाढवता हे करता येते, आणि कीटकशास्त्र व समाजशास्त्र एका टेबलाशी बसले नसते तर ते सुचले नसते.

वरून येणारे पाणी

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्यातल्या नत्र-स्फुरदामुळे जलपर्णी आणि शेवाळ वाढते, उन्हाळ्यात पाणी हिरवट होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे प्रदूषण आहे. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने मात्र सांडपाणी हा बारमाही आणि भरवशाचा येवा, म्हणजे धरणात येणारा प्रवाह, आहे, आणि म्हणून त्यावर हक्क सांगितला जातो. उजनीत येणाऱ्या सांडपाण्यातले पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्यासाठी उचलण्याचा निर्णय झाला, तेव्हा सोलापुरात मोठे आंदोलन झाले आणि मे २०२१ मध्ये तो आदेश रद्द करण्यात आला. त्या वादात सांडपाणी कोणाच्या वाट्याचे, यावर खूप बोलले गेले. ते स्वच्छ कोणी करायचे, हा प्रश्न मागे पडला. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकाच सुनावणीत यायला हवेत.

कायद्याच्या अंगाने फार लिहिण्यासारखे नाही. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम होता आणि २०११ मध्ये शेतीला उद्योगाच्या वर आणले गेले, तेव्हाही पिण्याचा क्रम पहिलाच राहिला. अडचण क्रमाची नाही. आवर्तने कालवा सल्लागार समितीत ठरतात, तिथे लोकप्रतिनिधी आणि अधिकारी असतात. विडी वळणारी स्त्री तिथे नसते आणि नदीकाठचा विहीरवालाही, एरवी आमदारांमार्फत बोलत असला तरी, विहीरवाला म्हणून नसतो.

जलवाहिनीनंतर

उजनी ते सोलापूर अशी सुमारे ११० किलोमीटरची, रोज १७० दशलक्ष लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी हे या प्रश्नाचे अधिकृत उत्तर आहे. स्थापत्याच्या कसोटीवर ते निर्विवाद बरोबर आहे. शहराच्या नावाने नदीत पाच टीएमसी सोडण्याऐवजी मोजून पाणी आणता येते, आणि वाचलेले पाणी टंचाईच्या वर्षी धरणात राहते. या कामाची गरज होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शहरांतर्गत टाक्या आणि वाटपाच्या वाहिन्या सुधारल्याशिवाय वेशीपर्यंत आलेले पाणी पूर्व भागातल्या नळाला रोज येणार नाही, हे स्थापत्याच्याच विद्यार्थ्यांनी नकाशावर दाखवून दिले.

दोरीला गाठ मारलेल्या त्या विहिरीचे काय होणार, हे मात्र जलवाहिनीच्या आराखड्यात शोधून सापडत नाही. शहरासाठी नदीत पाणी सोडणे थांबले, की काठावरचे पुनर्भरण थांबते. वाचलेले पाणी कालव्याने गेले, तर ते कालव्यावरच्या शेताला, बहुतांशी उसालाच, मिळण्याची शक्यता अधिक. आणि नदीकाठच्या ज्वारी-चाऱ्याच्या शेतकऱ्याला, ज्याचा हक्क कधीच लिहिला गेला नव्हता, तक्रार करायलाही आधार उरणार नाही. सामायिक संसाधनांच्या व्यवस्थापनावरील कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्रज्ञ स्त्रीला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अशी व्यवस्था टिकण्यासाठी तिचे वापरकर्ते कोण आणि तिची सीमा कोणती हे स्पष्ट असावे लागते, ही त्यांची पहिली अट होती. भीमेच्या आवर्तनात ही अट कधीच पुरी झालेली नव्हती. गळती म्हणून जे चालले होते, त्यावर हजारो लोकांनी आपली शेती बसवली, आणि गळती बंद करणाऱ्याला ते लोक दिसत नाहीत, कारण त्याच्या शास्त्रात त्यांच्यासाठी शब्द नाही.

म्हणून वर्गाने दोन मागण्या लिहून काढल्या. जलवाहिनीमुळे वाचणाऱ्या पाण्यातला ठरावीक भाग नदीसाठी, नदीच्याच नावाने, राखून ठेवावा आणि तो कालवा सल्लागार समितीच्या इतिवृत्तात वेगळा दाखवावा. आणि काठावरच्या विहिरींच्या पातळीची नोंद नदीतले आवर्तन पूर्ण थांबण्याच्या आधी सुरू व्हावी, कारण नंतर घेतलेल्या नोंदीला तुलनेसाठी काहीच उरणार नाही. दुसऱ्या मागणीसाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याची गरज नव्हती. पंढरपूरपासून औजपर्यंतच्या काठावरच्या विहिरी वाटून घेतल्या आहेत. औजच्या पलीकडच्या काठावर कर्नाटकातल्या विजयपुरा जिल्ह्याची गावे आहेत. तिथल्या विहिरी कानडी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांकडे दिल्या आहेत. पहिली मोजणी उन्हाळी आवर्तनाच्या आधी आणि दुसरी पाणी औजला पोचल्यावर करायची आहे.